भिंतीलगतची जागा

ओल कशी चढते हे रोसिना बेत्तोलीला चांगलं ठाऊक होतं. जमिनीतून येणारी ओल कमरेएवढी चढून थांबते आणि वरच्या काठाला मिठाची पांढरी झालर सोडते. छपरातून उतरणारी ओल कोपऱ्यात तपकिरी डाग धरते. माणसांच्या श्वासाची ओल कपाटामागे, जिथे वारा खेळत नाही तिथे, काळ्या ठिपक्यांनी उगवते. विद्यापीठात ती रसायनशास्त्र शिकली होती. पण मोन्तेविदेओत रसायनशास्त्राच्या नोकऱ्यांपेक्षा ओल्या भिंती पुष्कळ जास्त, म्हणून ती एका विमा कंपनीत लागली. लोक आपल्या भिंतींचे फोटो पाठवत आणि भरपाई मागत. ओल कुठून आली, दोष कोणाचा, हे रोसिना ठरवी.

साथ आली तेव्हापासून हे काम ती आतलांतिदाच्या घरातून करत होती. गाव समुद्रासारख्या रुंद नदीच्या किनाऱ्यावर, शहरापासून बसने तासाभरापेक्षा थोडं जास्त. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिचा संगणक आणि पलीकडे खिडकीपाशी तिचे वडील, आनिबाल. उभी हयात त्यांनी बंदरात हमाली केली होती. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डाव्या हातात माते या कडू पाल्याच्या चहाचा तुंबा धरून, नळीने तो चोखत ते दिवसभर बसत. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळे. रोसिना फोटो बघता बघता उठे, पंच्याने ती पुसे आणि परत कामाला लागे. त्या लाळेची तिला कधी किळस आली नाही.

पर्यटन सप्ताह संपला, किनाऱ्यावर आलेली शहरी माणसं परतली, आणि कंपनीचं बोलावणं आलं. यापुढे सर्वांनी रोज ऑफिसात यावं. घरून काम बंद.

त्याच दुपारी गोन्सालोचा फोन आला. तिच्याच विभागातला, तिशीचा, तोंडाचा पट्टा सुटला की समोरच्याच्या चष्म्यावर तुषार उडवणारा माणूस.

"आपल्या माना दिसत नाहीत ना त्यांना," तो म्हणाला. "मागून चार माना दिसल्या की इरुरेता साहेबाला जेवण पचतं."

"भाडं वाया जात असेल."

"कसलं भाडं, बाई? इमारत कंपनीचीच आहे."

"मग काम कमी होतंय का?"

"वाढलंय. मी त्याला तोंडावर विचारलं, नेल्सन, काम वाढलंय तर बोलावताय कशाला? म्हणाला, यायला हवं. बस्स, एवढंच. जेवायला हवं म्हणावं तसं."

कारण नसलेला परिणाम रोसिनाला आवडत नसे. पण तिला विचार करायला वेळही नव्हता. रोज शहरात जायचं म्हणजे अंधारात निघायचं आणि अंधारात परतायचं. मग बाबांना वृद्धाश्रमात ठेवावं लागणार. गावातला वृद्धाश्रम ती पाहून आली. शिळ्या सुपाचा आणि मुताचा वास, मोठ्याने लावलेला टीव्ही, आणि घसरू नयेत म्हणून चादरीने खुर्चीला बांधलेली माणसं. एक बाई तिचा हात धरून बसली आणि सोडेचना. रोसिना घरी आली, तिने बाबांची लाळ पुसली आणि इरुरेतांना फोन लावला.

"सूट देता येईल," विभागप्रमुख नेल्सन इरुरेता म्हणाले. त्यांचा आवाज नेहमी समजूतदार असे. "पण आधी आठवडाभर येऊन बस. मग सांग."

शेजारच्या निबियाने आठवडाभर आनिबालजवळ बसायचं कबूल केलं.

इमारत जुन्या शहरात, बंदराच्या वरच्या गल्लीत, दगडी. दारातून आत पाऊल टाकताच रोसिनाला ऊब जाणवली. एप्रिलअखेर होती, म्हणजे इथे हिवाळा तोंडावर, नदीवरून बोचरा वारा सुटला होता, आणि तापवायची यंत्रं मेपर्यंत लावायची नाहीत असा इथला जुना नियम होता. ही ऊब यंत्राची नव्हती. झोपून उठलेल्या माणसाच्या पांघरुणात हात घालावा तशी होती.

वर तिसऱ्या मजल्यावर मिर्ता भेटली. जुन्या फायली सांभाळणारी, साठीची, केस घट्ट बांधलेली. सगळे घरी गेले तेव्हा मागे राहिलेल्या तिघांपैकी ती एक.

"आलीस, पोरी? बरं झालं. काय हाल झाले होते हिचे." तिने भिंतीवर तळवा ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. "पोपडे निघत होते. दारांच्या चौकटी आक्रसल्या. लाकडी जमीन चालताना करकरायची. वाळून काष्ठ झाली होती नुसती."

"वाळून?" रोसिनाने विचारलं. "बंद इमारत वाळेल कशी, मिर्ता? नदीकाठी आहे. बुरशीने खाल्ली पाहिजे."

"वाळली खरी," मिर्ता म्हणाली आणि ओठांवरून जीभ फिरवली.

रोसिनाने शेकडो बंद घरं पाहिली होती. एकही वाळलेलं नव्हतं.

तासाभरातच तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येकाच्या टेबलावर ओठांना लावायच्या मलमाची डबी होती. सगळ्यांचेच ओठ फुटलेले. आधीच्या तुकडीत येऊन आठवडा झालेला गोन्सालो बोलताना मध्येच थांबे, जीभ टाळूला चिकटल्याचा बारीक आवाज येई, आणि मग तो पुढचा शब्द काढी. पूर्वी त्याच्यासमोर बसताना ती कागद बाजूला सरकवत असे. आता गरज नव्हती.

"हवा कोरडी आहे इथली," तो म्हणाला.

रोसिनाने पिशवीतून ओल मोजायचं छोटं यंत्र काढलं. हवा कोरडी नव्हती. हवेत न्हाणीघरातल्यासारखा दमटपणा होता.

सकाळच्या मध्यावर मिर्ताने थर्मास काढला आणि सगळे उठले. साथीनंतर शहरातली बरीच माणसं ज्याचा त्याचा तुंबा वेगळा ठेवू लागली होती. इथे मात्र एकच होता, पूर्वीसारखा. मागच्या भिंतीपाशी खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मिर्ता ओतणार, एकाला देणार, त्याने तळापर्यंत चोखून परत करायचा, मग पुन्हा ओतून पुढच्याला. पुरे झालं की 'धन्यवाद' म्हणायचं, म्हणजे पुढच्या फेरीत आपल्याला वगळतात. आणि नळी पुसायची नाही. कोणाच्या हातून आलेली नळी पुसणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. हे रोसिनाला चालता येऊ लागण्याआधीपासून कळत होतं.

भिंतीला टेकून एक खुर्ची रिकामी होती. फेरी तिथवर आली तेव्हा मिर्ताने तुंबा भरला, खुर्चीकडे हात लांब केला आणि तसाच धरून ठेवला. कोणी तिकडे पाहिलं नाही. गोन्सालो आपल्या बुटांकडे बघत होता. मग तळाला पाणी संपल्यावर नळीतून येतो तो गुरगुर आवाज आला. मिर्ताने हात मागे घेतला, पुन्हा पाणी ओतलं आणि तुंबा रोसिनाला दिला.

नळी ओली होती. कोमट होती. तिच्या टोकाला कोणीतरी नुकतेच ओठ लावून काढल्यासारखी एक पातळ साय होती.

हातरुमाल तिच्या मुठीत होता. सगळे तिच्याकडे बघत होते, रागाने नाही, घरी आलेल्या पाहुण्याने पहिला घास घ्यावा म्हणून बघतात तसे. रोसिनाने नळी तोंडात घेतली. मातेचा कडूपणा आला, आणि त्याच्याखालून दुसरी चव आली: सकाळी न धुतलेल्या, रात्रभर मिटलेल्या परक्या तोंडाची. तिने गिळलं. तुंब्यातला पाला तळाशी इतका कोरडा झाला होता की एवढं गरम पाणी ओतूनही तो भिजला नव्हता.

"धन्यवाद," ती म्हणाली.

मिर्ताने प्रेमाने मान हलवली. "इथे तसं म्हणत नाहीत, पोरी," ती म्हणाली, आणि पुढच्या फेरीत तुंबा पुन्हा तिच्याकडे आला.

संडासात जाऊन तिने ओकारी काढायचा प्रयत्न केला. काही आलं नाही. तोंडात थुंकीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी सगळे कोट चढवत असताना ती मागच्या भिंतीपाशी गेली. रंग हाताला मऊ लागला. बोट टेकवलं तर किंचित आत गेलं आणि सोडल्यावर पुन्हा वर आलं. मिठाची झालर नाही, काळे ठिपके नाहीत. भिंतीवर एक थेंब धरला होता. तिने तो बोटावर घेतला आणि दोन बोटं एकमेकांपासून दूर केली. थेंबाला तार सुटली. पाण्याला तार सुटत नाही. तिने बोटं कोटाला पुसली आणि बसमध्ये बसल्यावर तो कोट काढून मांडीवर उलटा धरला.

आठवड्याच्या शेवटी ती इरुरेतांच्या खोलीत गेली. ते खिडकीपाशी उभे होते. हात धुऊन धुऊन बोटांची टोकं सुरकुततात तशी त्यांची बोटं पांढरी आणि सुरकुतलेली होती.

"सूट हवी," रोसिना म्हणाली. "वडील आजारी आहेत. माझं काम घरून जास्त होतं, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. कामाची तक्रार नाहीच."

"मग का बोलावलंत सगळ्यांना?"

त्यांनी बराच वेळ उत्तर शोधलं, आणि ते प्रामाणिकपणे शोधत आहेत असं तिला वाटलं.

"तुम्ही घरी होता तेव्हा आम्ही तिघं होतो इथे," ते म्हणाले. "तिघं पुरत नव्हतो. मग आमच्यातला बाल्तासार त्या खुर्चीवर बसायला लागला, सबंध दिवस. तेव्हा जरा बरं चाललं. पण एक माणूस किती दिवस पुरणार?"

"बाल्तासार कुठे आहेत आता?"

इरुरेतांनी खिडकीबाहेर, बंदराकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला, काहीतरी सोपं सुचल्यासारखा.

"तुझे वडील बंदरात होते ना? तिकडची माणसं गप्पिष्ट असतात. त्यांना का पाठवत नाहीस? काम काही नाही. फेरीत बसायचं. कंपनीची गाडी येईल न्यायला. तू घरी राहा खुशाल."

"नाही," रोसिना म्हणाली. शब्द एवढा झटकन आला की तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

पण घरी पोचली तेव्हा आनिबाल दाढी करून बसले होते. डाव्या हाताने केलेली, दोन ठिकाणी कापलेली.

"मिर्ताबाईंचा फोन आला होता," ते म्हणाले. जीभ जड, शब्द वाकडे. रोसिनाला ते सरळ ऐकू येत. "म्हणाल्या, फेरीत जागा आहे."

"तुम्ही नाही जायचं तिकडे, बाबा."

"का?"

काय सांगणार ती? भिंत ओली आहे? या देशात कुठली भिंत कोरडी आहे?

"जागा चांगली नाही ती. घाण आहे."

"घाण?" आनिबाल हसले, आणि लाळ हनुवटीवर आली. "पोरी, आम्ही जहाजाच्या पोटात कातड्यांच्या ढिगावर बसून माते प्यायलोय. एक तुंबा, वीस तोंडं, त्यातली निम्मी किडलेली. घाण मला सांगतेस?" मग त्यांचं हसू गेलं. "झटका आल्यापासून मी एकटाच पितोय. तू असतेस, पण तू तुझ्या फोटोंत असतेस. मला एकदा फेरीत बसू दे."

एकच दिवस, ती म्हणाली. वृद्धाश्रमातल्या त्या बाईचा हात तिला आठवत होता. एका दिवसाचे दोन झाले.

गाडी सकाळी येई. ड्रायव्हर आनिबालना हळुवार उचलून बसवी. संध्याकाळी ते परत येत तेव्हा खुशीत असत. गोन्सालोचे विनोद सांगत, मिर्ता पाणी किती बरोबर तापवते ते सांगत. पहिल्याच आठवड्यात त्यांची लाळ गळायची थांबली. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे, स्नायू धरतायत. रोसिनाने मान डोलावली. घरात शांतता होती. खिडकीतून पाइनची झाडं दिसत होती आणि त्यांच्यापलीकडे नदीची तपकिरी रेघ. काम भराभरा उरकत होतं. ही शांतता आपल्याला आवडते आहे हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःच्या तोंडात तीच परकी चव आली. तरी दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा बाबांच्या गळ्याभोवती मफलर तिनेच गुंडाळला.

बाबांचे ओठ फुटले होते, तिने मलम लावलं. कातडी कागदासारखी झाली होती, तिने तेल लावलं. हिवाळा आहे, ती स्वतःला म्हणाली. हिवाळ्यात इथे काहीच वाळत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

मग एका शनिवारी त्यांचं लोकरी जाकीट धुताना तिला पाठीवर ताटाएवढा गोल डाग दिसला. डागाच्या आतली लोकर विरली होती. फाटली नव्हती, झिजली नव्हती. लहान मुलं झोपताना चादरीचं टोक चघळतात, ते जसं होतं तशी झाली होती.

सोमवारी गाडी येऊन गेल्यावर तिला काम सुचेना. फोटो उघडून ती नुसती बसून राहिली. शेवटी तिने बस पकडली.

तिसऱ्या मजल्यावर फेरी चालू होती. आनिबाल भिंतीलगतच्या खुर्चीवर होते, पाठ टेकून, डोळे अर्धे मिटलेले. मिर्ता तुंबा त्यांच्या तोंडाशी धरून होती. भोवती सगळे बसले होते. त्यांचे फुटलेले ओठ भरून आले होते. गोन्सालो काहीतरी सांगत होता आणि तुषार उडत होते.

"बाबा, चला."

"थांब जरा," आनिबाल म्हणाले. शब्द अगदी स्पष्ट होते, झटक्याआधी होते तसे. "माझी फेरी आहे."

तिने त्यांना काखेत धरून उचललं.

ते सुटेनात.

खुर्चीत अडकले नव्हते. पाठ भिंतीला धरलेली होती. तिने पुन्हा ओढलं, आणि गालाचा मुका घेऊन ओठ सुटावेत तसा एक ओला, सावकाश आवाज झाला. भिंतीवर जाकिटाएवढी जागा उघडी पडली. गुलाबी होती. तिने दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

कोणी अडवलं नाही. मिर्ताने दार उघडून धरलं.

बाबा इतके हलके झाले होते की ती त्यांना कडेवर घेऊन जिना उतरली.

टॅक्सीतूनच तिने इरुरेतांना फोन केला. बाबा आता येणार नाहीत, ती म्हणाली, आणि मीही येणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे.

"नोकरी कशाला जाईल?" इरुरेता म्हणाले. "त्यांना घरीच असू दे. तूही घरी राहा. जमलंय आता."

त्याच आठवड्यात सगळ्यांना कळवण्यात आलं की ऑफिसात येण्याची सक्ती नाही. ज्याला घरून काम करायचं असेल त्याने करावं. गोन्सालोचा फोन आला, तो आनंदाने भरभरून बोलत होता, शब्दांत शब्द अडकत होते.

"इरुरेता एकदम संत झालाय. काय जादू केलीस तू त्याच्यावर?"

"काही नाही," रोसिना म्हणाली.

"आणि म्हातारबा कसे आहेत?"

"पाणी मागतायत."

आनिबाल खिडकीपाशी होते. बोलत नव्हते, फक्त पाणी मागायला तोंड उघडत. ती पेला लावी आणि ते एका दमात संपवत. मग पुन्हा तोंड उघडत. ती पाण्याचा जग भरून आणी, जग रिकामा होई. सकाळपासून रात्रीपर्यंत हेच. तिने हिशेब करायचा प्रयत्न केला, कारण शरीरात गेलेलं पाणी कुठूनतरी बाहेर पडतंच. घामातून, श्वासातून, लघवीतून. तिने त्यांची चादर चाचपली, कपडे चाचपले, आरसा तोंडापुढे धरला. चादर कोरडी होती. आरशावर वाफ धरली नाही. हातावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. पण नाडी शांत चालू होती, आणि चेहऱ्यावर कसलंच दुःख नव्हतं.

पाणी द्यायचं थांबवून पाहिलं तेव्हा त्यांची नाडी तिच्या बोटांखाली विरत गेली. तिने घाईने पेला भरला.

दुपारी फोन वाजला. मिर्ता होती.

"कशी आहेस, पोरी? काळजी करू नकोस, छान चाललंय." तिचा आवाज टवटवीत होता. तिच्यामागे ऑफिस शांत होतं, रिकामं, आणि त्या शांततेत कुठेतरी तळाला पाणी संपल्यासारखी बारीक गुरगुर चालू होती. "एक सांगायचं होतं. पाणी जरा कोमट पाजत जा त्यांना. गार आलं की इकडे हिला सोसत नाही."

रोसिनाने फोन ठेवला. बाबांनी तोंड उघडलं होतं.

ती उठली आणि तिने किटली गॅसवर ठेवली.